उंदरांच्या रंगांचा हिशोब मांडणारा हा इंग्रज प्राध्यापक शेवटी भारताचा नागरिक झाला

शिरोळ तालुक्यातल्या एखाद्या गावात कुणीतरी हौसेनं सशांची जोडी आणलीय असं समजा. नर करडा, मादीही करडी. मादी व्याली आणि आठ पिलं झाली. त्यातली सहा करडी, पण दोन मात्र दुधासारखी पांढरी, डोळे लालबुंद. झालं, लगेच गल्लीत चर्चा सुरू. कुणी म्हणणार, शेजारच्या पांढऱ्या सशानं कुंपण ओलांडलं. कुणी म्हणणार, विकणाऱ्यानं फसवलं. आणि एखादी आज्जी सांगणार की मादी गाभण असताना तिनं काहीतरी पांढरं बघितलं असेल.

यातलं काहीच झालेलं नसतं. तो पांढरा रंग दोन्ही करड्या सशांच्या अंगात आधीपासूनच होता, फक्त दिसत नव्हता.

आज हाच प्रश्न लाखमोलाचा झालाय. पोपट, मांजरं, शोभेचे मासे यांचे भाव रंगावर ठरतात. परदेशात तर बियर्डेड ड्रॅगन नावाचे ऑस्ट्रेलियन सरडे लोक घरात पाळतात आणि लाल, पिवळी, पांढुरकी पिल्लं मिळावीत म्हणून जोड्या लावतात. कुठली जोडी लावली की कुठला रंग येतो, हे गणित समजून घ्यायचं असेल तर एका माणसाचं आयुष्य माहिती असायला पाहिजे. त्याचं नाव जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन. जग त्याला जे. बी. एस. हाल्डेन म्हणून ओळखतं.

आठ-नऊ वर्षांचं पोरगं आणि मेंडेलचा नियम

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ चा, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डचा. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनाचा अभ्यास करणारे मोठे शास्त्रज्ञ. कोळशाच्या खाणीत विषारी वायू ओळखायला पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी घेऊन जायचं, ही कल्पना त्यांचीच. प्रयोग करायला ते स्वतःलाच वापरायचे आणि कधीकधी पोरालाही. एकदा खाणीत वायू साठलेल्या जागी त्यांनी छोट्या जॅकला उभं केलं आणि शेक्सपिअरच्या नाटकातलं भाषण म्हणायला लावलं. म्हणता म्हणता पोरगं चक्कर येऊन खाली बसलं. जमिनीलगत हवा बरी होती, त्यामुळं ते शुद्धीवर आलं. वायू हवेपेक्षा हलका असतो आणि वर साठतो, हा धडा त्याला जन्मभर पुरला.

असा हा मुलगा आठ-नऊ वर्षांचा असताना वडील त्याला एका व्याख्यानाला घेऊन गेले. बोलणारे होते ए. डी. डार्बिशायर आणि विषय होता मेंडेल. ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूनं वाटाण्यावर केलेलं काम १८६६ मध्ये छापून आलं होतं, पण पुढची तीसेक वर्षं त्याकडं फारसं कुणी लक्षच दिलं नाही. १९०० मध्ये ते नव्यानं उजेडात आलं आणि विज्ञानाच्या जगात एकच गडबड उडाली. डार्बिशायर तेच नियम उंदरांना लागू पडतात का हे बघत होते, आणि बघायला सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे उंदराचा रंग.

मेंडेलचा नियम चिठ्ठ्यांच्या भाषेत समजून घेऊ. प्रत्येक सशाकडं रंगाच्या दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. एक चिठ्ठी म्हणते रंग भर, दुसरी म्हणते भरू नको. दोन्हींपैकी एक जरी रंग भर म्हणाली तरी ससा करडा होतो. म्हणजे करड्या सशाच्या खिशात एक पांढरी चिठ्ठी लपलेली असू शकते. अशा दोन सशांची जोडी लावली की प्रत्येक पिलाला दोघांकडून एकेक चिठ्ठी मिळते, आणि कुठली मिळणार हे नशिबावर. सरासरी चारात एका पिलाला दोन्ही पांढऱ्या चिठ्ठ्या येतात. तेच ते लाल डोळ्यांचं पांढरं पिलू.

इथं सरासरी हा शब्द महत्त्वाचा आहे. आठ पिलांत दोन पांढरी येतीलच असं नाही. एकही येणार नाही किंवा चार येतील. नाणं चार वेळा उडवलं म्हणून दोनदाच छापा पडत नाही, तसंच हे. म्हणून एका वेतावरून काहीच ठरवायचं नसतं. खूप पिलं मोजावी लागतात.

हिरवळीवर तीनशे गिनीपिग

मोजायला पिलं लागतात आणि ती हाल्डेनांच्या घरी भरपूर होती. जॅकची धाकटी बहीण नाओमी, जी पुढं नाओमी मिचिसन या नावानं मोठी लेखिका झाली, तिला प्राण्यांची भारी आवड. भावा-बहिणीनं ऑक्सफर्डच्या घरी गिनीपिग पाळायला सुरुवात केली. १९०८ च्या सुमाराला जाळी लावलेल्या हिरवळीवर सुमारे ३०० गिनीपिग बागडत होते. कुणाचा रंग कसा, केस कसे, कुणाची जोडी कुणाशी, पिल्लं कुठली, सगळं लिहून ठेवायचं.

पुढं जॅक ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात गेला. गणितात पहिला वर्ग मिळवला आणि मग ग्रीक-लॅटिन साहित्य आणि तत्त्वज्ञानातही. गंमत म्हणजे या माणसानं विज्ञानाची पदवी कधीच घेतली नाही.

कॉलेजात असताना डार्बिशायर यांनी छापलेले उंदरांचे जुने आकडे त्याच्या हाती लागले. आकडे सगळ्यांसमोर होते, पण त्यातली गोम त्याला दिसली. उंदरात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एका चिठ्ठीमुळं उंदीर पूर्ण पांढरा होतो. दुसरीमुळं डोळे गुलाबी होतात आणि अंगाचा रंग फिका पडतो. मेंडेलच्या नियमानं या दोन चिठ्ठ्या एकमेकींपासून स्वतंत्र वाटल्या जायला पाहिजेत. आकडे सांगत होते की तसं होत नाही. या दोन चिठ्ठ्या बऱ्याचदा जोडीनंच पुढं जात होत्या, एकाच दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारख्या.

दुसऱ्याच्या आकड्यांवर विसंबू नको, स्वतः प्रयोग कर, असा सल्ला त्या वेळचे मोठे आनुवंशिकीतज्ज्ञ आर. सी. पनेट यांनी दिला. मग जॅक, नाओमी आणि त्यांचा मित्र ए. डी. स्प्रंट यांनी उंदरांच्या जोड्या लावून पिल्लं मोजायला घेतली.

तेवढ्यात १९१४ चं महायुद्ध सुरू झालं. स्प्रंट लढाईत मारला गेला. हाल्डेन ब्लॅक वॉच पलटणीत अधिकारी म्हणून फ्रान्सच्या आघाडीवर गेले. आपण वाचू की नाही याची खात्री नव्हती, म्हणून त्यांनी उंदरांचा निबंध तिथूनच पुरा केला. १९१५ मध्ये तो तिघांच्या नावानं छापून आला. सस्तन प्राण्यात दोन जनुकं एकत्र बांधलेली असतात हे दाखवणारा तो पहिला पुरावा होता. आज आपल्याला माहीत आहे की ही दोन्ही जनुकं उंदराच्या सातव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहेत. तो दोरा म्हणजे गुणसूत्र.

युद्धात हाल्डेन दोनदा जखमी झाले. दुसऱ्यांदा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिथून त्यांना उपचारासाठी भारतात आणलं गेलं. या देशाशी त्यांची ओळख झाली ती अशी.

उंदीर, मांजर आणि माणूस

युद्धानंतर हाल्डेन केंब्रिजला जीवरसायनशास्त्र शिकवू लागले. वडिलांचा गुण होताच, त्यामुळं रक्तातल्या आम्लाचा अभ्यास करताना ते स्वतःच रसायनं प्यायचे आणि धाप लागली की ती मोजत बसायचे. रंगाचा विषय मात्र सुटला नव्हता. १९२७ मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला. उंदीर, ससा, गिनीपिग हे कुरतडणारे प्राणी आणि मांजर, कुत्रा यांसारखे मांसाहारी प्राणी यांच्यातल्या रंगाच्या जनुकांची त्यांनी ओळीनं तुलना केली. प्राणी वेगवेगळे असले तरी रंगाची जनुकं पुष्कळशी तीच आहेत, पूर्वजांकडून सगळ्यांना वारशात मिळालेली, असं त्यातून दिसत होतं.

ही गोष्ट किती खरी होती हे आता कळतंय. उंदराला पांढरा करणारं जनुक शरीरातलं रंगद्रव्य तयार करणाऱ्या टायरोसिनेज नावाच्या विकराचं आहे. तेच बिघडलं की ससा पांढरा होतो आणि माणसातही एका प्रकारचा वर्णहीनपणा येतो. सयामी मांजराचं अंग फिकट आणि कान, नाक, पंजे काळे का असतात? त्याच जनुकाच्या एका वेगळ्या रूपामुळं. ते रूप फक्त थंडीत काम करतं, म्हणून शरीराचे गार राहणारे भागच काळे होतात. आणि हाल्डेनांच्या उंदरांचे डोळे गुलाबी करणारं ते दुसरं जनुक? त्याचं माणसातलं भावंड निळ्या आणि घाऱ्या डोळ्यांशी संबंधित आहे.

जोड्या लावणाऱ्यांनी इथं थांबून वाचावं

आता पाळीव प्राण्यांकडं येऊ. बियर्डेड ड्रॅगनमध्ये काळा रंग कमी असलेला एक प्रकार आहे, त्याला हायपो म्हणतात. तो लपून राहणारा गुण आहे, म्हणजे दोन्ही चिठ्ठ्या तशाच असल्या तरच दिसतो. एकच चिठ्ठी असलेला सरडा साधा दिसतो आणि बाजारात त्याला हेट म्हणून विकतात. तो खरंच हेट आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. त्याच्या आई-बापाची लेखी नोंद असेल किंवा त्याच्या पिल्लांत गुण दिसला तरच कळतं. म्हणून नोंदवही नसलेल्या माणसाच्या शब्दावर जादा पैसे मोजायचे नसतात.

दुसरा प्रकार लेदरबॅक. याला एकच चिठ्ठी पुरते. खवले लहान होतात आणि पाठ गुळगुळीत दिसते, त्यामुळं रंग खुलून येतो. मग मोह होतो की लेदरबॅकला लेदरबॅकच लावू. पण तसं केलं की सरासरी चारात एका पिल्लाला दोन्ही चिठ्ठ्या येतात आणि ते जवळजवळ बिनखवल्यांचं जन्मतं. त्याची कातडी नाजूक, लगेच ओरखडे पडतात, कात टाकताना हाल होतात. रंगाच्या हौसेची किंमत त्या जिवाला भरावी लागते.

हा धोका शास्त्रज्ञांना शंभर वर्षांपूर्वीच उंदरांनी दाखवला होता. फ्रान्समध्ये लुसियाँ क्युनो यांना पिवळ्या उंदरांची शुद्ध जात काही केल्या तयार करता येईना. दोन पिवळ्यांची जोडी लावली की तीन पिल्लांत दोन पिवळी आणि एक साधं, असंच प्रमाण यायचं. चौथं कुठं गेलं? पुढं उलगडा झाला. पिवळ्या रंगाच्या दोन चिठ्ठ्या ज्या गर्भाला मिळतात तो आईच्या पोटातच मरतो. पिल्लांच्या मोजणीत ते मेलेले जीव रिकाम्या जागेसारखे दिसत होते.

आपल्याकडचं उदाहरण पांढऱ्या वाघांचं. १९५१ मध्ये रेवा संस्थानच्या मार्तंड सिंह महाराजांनी मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला. साध्या रंगाच्या वाघिणीपासून त्याला झालेले बछडे सगळे पिवळेच निघाले. मग त्याच्याच मुलीशी, राधाशी, त्याची जोडी लावली आणि १९५८ मध्ये पांढरे बछडे जन्मले. लपलेली चिठ्ठी बाहेर काढायला बाप-लेकीची जोडी लावावी लागली. पण नात्यातल्या नात्यात जोड्या लावल्या की फक्त रंगाचीच लपलेली चिठ्ठी बाहेर येत नाही, तर आजाराच्या चिठ्ठ्याही येतात. आणि पांढऱ्या वाघांत तिरळेपणा दिसतो तो त्या रंगाच्याच जनुकामुळं, कारण डोळ्यांतून मेंदूकडं जाणाऱ्या नसांची मांडणीही त्यामुळं बदलते.

काळा पतंग आणि पन्नास वर्षांचा हिशोब

माणूस जोड्या लावतो तेव्हा रंग माणूस निवडतो. पण रानात कोण निवडतं? १९२४ पासून हाल्डेनांनी याचं गणित मांडायला घेतलं. इंग्लंडमध्ये झाडाच्या खोडावर बसणारा एक फिकट पतंग होता. १८४८ मध्ये मँचेस्टरजवळ त्याचा काळा नमुना सापडला. कारखान्यांच्या धुरानं झाडं काळी पडत गेली आणि शतक संपेपर्यंत तिथले जवळपास सगळे पतंग काळे झाले. इतक्या कमी पिढ्यांत हे घडायचं तर काळ्या पतंगांची फिकट पतंगांच्या तुलनेत दीडपट पिल्लं टिकत असली पाहिजेत, असं हाल्डेनांनी काढलं. एवढी जोरदार निवड निसर्गात होते यावर विश्वास ठेवणं अवघड होतं. तीसेक वर्षांनी बर्नार्ड केटलवेल यांनी रानात प्रयोग केले, तेव्हा पक्षी बिनमेळाच्या रंगाचे पतंग खरोखरच जास्त वेचून खातात हे दिसलं.

१९३२ मध्ये हाल्डेन रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १९३३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले.

उंदरांचं गणित माणसांच्या राजकारणात

तो काळ वाईट होता. जर्मनीत हिटलर आला होता. आनुवंशिकतेचं नाव घेऊन अपंग आणि आजारी माणसांची सक्तीनं नसबंदी केली जात होती, म्हणजे समाज शुद्ध होईल असा दावा. असल्या कल्पनांना इंग्लंड-अमेरिकेतही पाठीराखे होते. हाल्डेन याच्या विरोधात उभे राहिले. १९३८ मध्ये त्यांनी आनुवंशिकता आणि राजकारण या विषयावर पुस्तकच लिहिलं.

मुद्दा सशांचाच होता. समजा एखादा लपून राहणारा गुण १०,००० माणसांत एकात दिसतो. तर ती एक चिठ्ठी खिशात घेऊन फिरणारी धडधाकट माणसं दर ५० मागे एक असतात. दिसणाऱ्या एकाला कितीही अडवलं तरी उरलेल्या दोनशेंच्या खिशातली चिठ्ठी पुढं जातच राहणार. म्हणजे ज्यांच्यावर जुलूम होतो त्यांचं आयुष्य उद्ध्वस्त, आणि हिशोब तिथंच.

१९३७ मध्ये ज्युलिया बेल यांच्यासोबत त्यांनी आणखी एक दोरा उलगडला. रक्त न गोठण्याचा हिमोफिलिया हा आजार आणि रंगांधळेपणा यांची जनुकं एकमेकांजवळ असतात हे त्यांनी कुटुंबांच्या नोंदींवरून दाखवलं. उंदरांच्या रंगात दिसलेली गोष्ट आता माणसातही सापडली होती, आणि इथंही खूण रंगाशीच जोडलेली होती.

हाल्डेन डाव्या विचारांचे. कम्युनिस्टांच्या वर्तमानपत्रात ते कामगारांना समजेल अशा भाषेत विज्ञानावर वर्षानुवर्षं लिहीत राहिले. पण याच निष्ठेनं त्यांची गोचीही केली. रशियात लायसेंकोनं सरकारी आशीर्वादानं आनुवंशिकीशास्त्र गाडून टाकलं, शास्त्रज्ञ तुरुंगात गेले, तरी हाल्डेन बराच काळ स्पष्ट बोलले नाहीत. पुढं त्यांनी पक्ष सोडला, पण हा डाग त्यांच्या नावावर राहिला तो राहिलाच.

घाणेरीची फुलं आणि प्राजक्ताच्या पाकळ्या

१९५७ मध्ये वयाच्या ६४ व्या वर्षी हाल्डेन आणि त्यांची शास्त्रज्ञ पत्नी हेलन स्परवे भारतात आले. सुएझ कालव्याच्या प्रकरणात ब्रिटननं इजिप्तवर केलेला हल्ला त्यांना मान्य नव्हता. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले. कुर्ता-पायजमा घालू लागले, मांसाहार सोडला आणि १९६१ मध्ये भारताचे नागरिक झाले.

इथल्या तरुण संशोधकांकडं महागडी यंत्रं नव्हती. हाल्डेनांचं म्हणणं असं की डोळे आणि वही असली तरी पुष्कळ काम होतं. कृष्णराव द्रोणमराजू यांनी घाणेरीच्या फुलांवर लक्ष ठेवलं. शिरोळकडं बांधाबांधावर दिसणारी, टणटणी म्हणतात तीच ही झुडपं. कुठलं फुलपाखरू कुठल्या रंगाच्या फुलावर बसतं हे त्यांनी मोजलं. फुलपाखरं रंग बघून निवड करतात असं दिसलं. म्हणजे एका रंगाचे परागकण त्याच रंगाच्या फुलांत फिरत राहणार, आणि त्यातून पुढं दोन वेगळ्या जाती होऊ शकतात. सुबोध कुमार रॉय यांनी प्राजक्ताच्या फुलांच्या पाकळ्या मोजल्या. सुरेश जयकर यांनी टिटवीच्या घरट्यांचा अभ्यास केला आणि १९६३ मध्ये हाल्डेनांसोबत नैसर्गिक निवडीच्या गणितावर निबंध लिहिला, जो आजही अभ्यासला जातो.

महालनोबिस यांच्याशी मतभेद झाल्यावर हाल्डेनांनी कोलकात्याची संस्था सोडली आणि १९६२ मध्ये भुवनेश्वरला गेले. ओडिशा सरकारच्या मदतीनं तिथं आनुवंशिकीची प्रयोगशाळा उभी राहिली. पण वेळ कमी उरला होता. त्यांना आतड्याच्या टोकाचा कर्करोग झाला. लोकांनी हा आजार लपवू नये, लवकर डॉक्टरकडं जावं म्हणून त्यांनी इस्पितळातूनच स्वतःच्या कर्करोगावर एक विनोदी कविता लिहून छापायला दिली.

१ डिसेंबर १९६४ ला भुवनेश्वरमध्ये हाल्डेन गेले. आयुष्यभर स्वतःच्या शरीरावर प्रयोग करणाऱ्या या माणसानं मृत्युपत्रातही त्याची सोय करून ठेवली होती. त्यांच्या इच्छेप्रमाणं देह आंध्रातल्या काकिनाड्याच्या रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाला विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी देण्यात आला.